दारिद्र्याचे माप : पश्चिम आयर्लंडमधील सार्वजनिक गुंतवणूक आणि तीन लेखकांची साक्ष

१

एखाद्या मागासलेल्या प्रदेशावर शासन द्रव्य खर्च करू लागले की त्या खर्चाची हकीकत दोन ठिकाणी लिहिली जाते. एक शासनाच्या दप्तरात, अहवाल, कोष्टके आणि तरतुदी यांच्या रूपाने. आणि दुसरी त्या प्रदेशाशी नाते असलेल्या लेखकांच्या लेखनात. अभ्यासाच्या व्यवहारात या दोहोंची वाटणी केव्हाच होऊन गेलेली आहे. पहिली अर्थशास्त्राच्या वाट्याला गेली, दुसरी साहित्याच्या. परिणाम असा झाला की, ज्या लेखनात सार्वजनिक गुंतवणुकीची मूलगामी चिकित्सा आढळते ते लेखन ‘ललित’ किंवा ‘वृत्तपत्रीय’ म्हणून बाजूला राहिले. आणि ज्या अहवालांची भाषा, गृहीतके व शब्दयोजना बारकाईने तपासावयास हवी होती ते अहवाल केवळ आकड्यांसाठी चाळले गेले.

पश्चिम आयर्लंडच्या बाबतीत ही वाटणी विशेष अडचणीची ठरते. या प्रदेशाच्या विकासासाठी १८९१ पासून सातत्याने योजना आखल्या गेल्या आणि या प्रदेशाविषयी विपुल लेखनही झाले. त्यांपैकी तीन लेखनकृती प्रस्तुत विवेचनासाठी घेतल्या आहेत. पहिली, नाटककार जॉन मिलिंग्टन सिंज यांनी १९०५ च्या जून-जुलैमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रासाठी लिहिलेली बारा लेखांची माला. दुसरी, ब्रायन ओ’नोलन यांनी ‘माइल्स ना गोपालीन’ या टोपणनावाने आयरिश भाषेत लिहिलेली ‘अन बेल बोख्त’ (१९४१) ही उपरोधपर कादंबरी. तिसरी, पत्रकार जॉन हीली यांचे ‘डेथ ऑफ ॲन आयरिश टाउन’ (१९६८) हे पुस्तक. सिंज यांचे लेख त्यांच्या नाटकांची पूर्वतयारी म्हणून, ओ’नोलन यांची कादंबरी भाषाभिमानाचे विडंबन म्हणून आणि हीली यांचे पुस्तक एका गावावरील विलापिका म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. तिन्ही कृती एकामागून एक वाचल्या असता त्यांच्यातून एकच प्रश्न क्रमाक्रमाने उभा राहताना दिसतो. तो प्रश्न खर्च पुरेसा झाला की नाही, हा नव्हे. ज्या मापाने प्रदेशाची गरज मोजली गेली ते माप कोणते होते, ते कोणाच्या हाती होते आणि त्या मापाला उत्तर देता देता तेथील माणसाचे काय झाले, हा तो प्रश्न होय.

२

हा प्रश्न समजण्यासाठी प्रथम ते माप पाहिले पाहिजे. आर्थर बॅल्फर हे आयर्लंडचे मुख्य सचिव असताना, १८९१ च्या भूमी-खरेदी कायद्यान्वये ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ या मंडळाची स्थापना झाली. ‘कंजेस्टेड’, म्हणजे दाटीचा, या विशेषणाने वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. हा प्रदेश दाट लोकवस्तीचा नव्हता. त्यातील बराचसा भाग दलदलीचा, खडकाळ आणि विरळ वस्तीचाच होता. दाटी होती ती कसण्याजोग्या तुटपुंज्या जमिनीवर. तथापि कायद्याला अशी सापेक्ष कल्पना पुरेशी नसते. त्याला रेषा लागते. म्हणून असे ठरविण्यात आले की, ज्या मतदान-विभागात करआकारणीसाठी ठरविलेले स्थावराचे मूल्य दरडोई दीड पौंडाहून कमी भरेल तो विभाग गरजू समजावा. आणि ज्या परगण्यातील वीस टक्क्यांहून अधिक लोक अशा विभागांत राहत असतील तेथे मंडळाने काम करावे. या रेषेखाली डॉनेगॉलपासून कॉर्कच्या पश्चिम टोकापर्यंतचा सुमारे ३६ लाख एकरांचा आणि साडेपाच लाख वस्तीचा प्रदेश आला. खर्चासाठी आयरिश चर्चच्या शिल्लक निधीतील १५ लाख पौंडांचे व्याज, म्हणजे वर्षाला ४१,२५० पौंड, नेमून देण्यात आले.

या मापाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ते निःपक्षपाती होते. त्यात वशिल्याला वाव नव्हता. शिवाय मंडळाने केवळ रेषेवर विसंबून न राहता १८९२ पासून तपासनीस पाठवून प्रत्येक विभागाची तपशीलवार पाहणी करविली. ‘बेसलाइन रिपोर्ट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत नमुन्यादाखल एकेका कुटुंबाचा वार्षिक जमाखर्चही दिलेला आढळतो: बटाटे किती, पीठ किती, चहा-तंबाखूवर किती, डुकराच्या विक्रीतून आले किती, इंग्लंड-स्कॉटलंडात कापणीच्या मजुरीवर जाऊन आणले किती. एखाद्या प्रदेशाच्या दारिद्र्याची इतकी बारकाईची नोंद त्या काळात क्वचितच झाली असेल. महाराष्ट्रात १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ‘अनुशेष’ हा शब्द रूढ झाला. त्या शब्दाच्या अर्थाशी या पाहणीचे नाते आहे, परंतु दोहोंत एक भेदही आहे. अनुशेष मोजला गेला तो राज्याच्या सरासरीशी तुलना करून. आयरिश मंडळाचे माप कोणाशी तुलना करीत नव्हते; अमुक रकमेच्या खाली जो असेल तो गरजू, एवढेच ते सांगत होते. त्यामुळे गरजू ठरलेल्या प्रदेशाला आपली गरज हीच आपली ओळख म्हणून मिरवावी लागली. सिंज यांच्या लेखांचे खरे महत्त्व येथून सुरू होते.

३

१९०४ च्या हंगामात पश्चिमेकडे बटाट्याचे पीक बुडाले आणि पुढच्या वर्षी जागोजाग दुष्काळी कामे निघाली. त्यांची हकीकत लिहिण्यासाठी ‘मँचेस्टर गार्डियन’ने सिंज यांना पाठविले व चित्रे काढण्यासाठी जॅक येट्स यांना त्यांच्यासोबत दिले. कॉनेमारामधील कॅरारो व गोरुम्ना, तेथून मेयोमधील बेलमुलेट आणि शेवटी स्विनफर्डचा परिसर, असा सुमारे महिनाभराचा हा प्रवास होता.

दुष्काळी कामांवरील लेखात सिंज यांनी दिलेला तपशील अर्थशास्त्रज्ञालाही उपयोगी पडावा असा आहे. मजुरी दिवसाला एक शिलिंग. प्रत्येक घरातून बहुधा एकालाच काम. तो एक पुष्कळदा घरातील कर्ता पुरुष. म्हणजे शेती, मासेमारी किंवा केल्पसाठी समुद्रशेवाळ गोळा करून जाळणे ही घरची कामे ज्या दिवसांत सर्वांत निकडीची, नेमक्या त्याच दिवसांत घरातील सर्वांत कामाचा माणूस एका शिलिंगासाठी रस्त्यावर खडी टाकावयास जात असे. मदतीने घरच्या उत्पन्नात जेवढी भर पडे त्याहून अधिक तूट ती पाडण्याचा संभव होता. परंतु सिंज एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांची दृष्टी काम करणाऱ्यांच्या शरीराकडे जाते. मुकादमाची ऐट आणि मजुरांच्या खाली घातलेल्या माना पाहून, वाटसरूला ही कैद्यांची टोळी वाटावी असे ते सुचवितात. ज्या स्त्रीपुरुषांना त्यांनी होड्या वल्हविताना, केल्पच्या धुरात उभे राहून काम करताना पाहिले होते तेच लोक येथे निराळे दिसतात. दारिद्र्य दोन्हीकडे तेच आहे; मोडलेली मान मात्र दुष्काळी कामावरच दिसते. या निरीक्षणाला कोणत्याही जमाखर्चात रकाना नाही.

याच मालेत मंडळाने उभारलेल्या दीर्घ पल्ल्याच्या कामांविषयी सिंज बरेच समतोल लिहितात. होड्या बांधणाऱ्या कारागिरांवरील लेखात शिकाऊ तरुणांच्या हाती कसब आल्याचे समाधान आहे. दुष्काळी काम आणि होडीचा कारखाना या दोहोंवर पैसा सार्वजनिकच खर्च होत होता. परंतु एकाने माणसाच्या गरजेला मजुरी दिली आणि दुसऱ्याने त्याच्या कौशल्याला. सिंज यांनी हा भेद सिद्धांत म्हणून मांडलेला नाही. लेखांच्या क्रमातून तो आपोआप प्रत्ययास येतो, आणि वृत्तलेखनाचे हेच सामर्थ्य होय.

सिंज यांची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. आयरिश जीवनाला ज्या गोष्टी रंग व आकर्षण देतात त्या जवळजवळ सर्व उपासमारीच्या काठावरील जीवनाशी जखडलेल्या आहेत, उलट ब्रिटनीसारख्या प्रदेशात लोकजीवनाचे सौंदर्य बऱ्यापैकी सुस्थितीशी जोडलेले आहे, अशी खंत त्यांनी या मालेत व्यक्त केली आहे. ही जाणीव प्रामाणिक आहे. तथापि तिच्यातून सिंज यांची एक द्विधा उघड होते. गरिबी गेली तर जे आवडते तेही जाईल, ही भीती पाहुण्याची असते, रहिवाशाची नव्हे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. गावातील दुकानदार उधारीच्या जोरावर साऱ्या परिसराला कसा बांधून ठेवतो याचे चित्र त्यांच्या एका लेखात आहे, परंतु ते सौम्य आहे. दुकान, दारूचा गुत्ता, देशभक्ती आणि धर्मगुरूंशी सोयरीक हे सारे एकाच हाती एकवटलेल्या नव्या वर्गाविषयीचा त्यांचा तिटकारा लेखांत न येता स्टीफन मॅकेना या मित्राला लिहिलेल्या पत्रात आला. बाहेरून आलेला पैसा गावात शिरताच प्रथम कोणाच्या गल्ल्यात जातो, हा प्रश्न त्यामुळे लेखमालेत पुरता उभा राहिला नाही. तो उभा राहण्यासाठी त्याच मेयोच्या एका सुपुत्राची, आणि साठ वर्षांची, वाट पाहावी लागली.

४

१९२२ मध्ये आयर्लंडचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. १९२३ मध्ये मंडळ बरखास्त होऊन त्याची कामे भूमी आयोगाकडे गेली. राज्यकर्ते बदलले, तसे मापही बदलले. नव्या राज्याच्या दृष्टीने पश्चिम किनारा केवळ गरीब नव्हता. जेथे आयरिश भाषा अद्याप घरात बोलली जाते असा तो ‘गेल्टाख्त’ होता. आता जमिनीच्या मूल्याबरोबर भाषाही मोजली जाऊ लागली. १९३० नंतरच्या दशकात आयरिश बोलणाऱ्या शाळकरी मुलामागे दोन पौंडांचे अनुदान सुरू झाले, आणि मूल खरोखरच आयरिश बोलते की नाही हे ठरविण्यासाठी तपासनीस घरोघर व शाळाशाळांतून जाऊ लागले.

‘अन बेल बोख्त’मधील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याच व्यवस्थेवर बेतलेला आहे. कादंबरीत अनुदान उलटे केलेले आहे: ते इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी आहे. कॉर्का डोर्खा नावाच्या सदैव पाऊस पडणाऱ्या मुलखात एका झोपडीत पुरेशी मुले नाहीत. तेव्हा म्हाताऱ्याच्या युक्तीने डुकराच्या पिलांना कपडे घालून ओळीने बसविले जाते. तपासनीस दारातून डोकावतो, अंधारात घुरघुर ऐकतो, माणशी दोन पौंड लिहून निघून जातो. पुढे भाषासंशोधक येतो. तो त्याच घुरघुरीचे ध्वनिमुद्रण करून विद्वानांची वाहवा मिळवितो. शाळेतील पहिल्या दिवशी मास्तर प्रत्येक मुलाला टोला हाणून सांगतो की तुझे नाव ‘जॅम्स ओ’डॉनेल’. गावातील प्रत्येकाचे दप्तरी नाव तेच.

या प्रसंगाचा अर्थ ‘लोक अनुदानासाठी फसवणूक करतात’ एवढाच घेतला तर उपरोधाची धार बोथट होते. ओ’नोलन हे १९३५ पासून स्थानिक शासन खात्यात सनदी नोकर होते. अर्जांचे नमुने, टिपणे व मंजुऱ्या हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. फसवणुकीची निंदा करणे हा त्यांचा हेतू नाही. तपासनिसाने मोजावयाचे ते संख्येने, आणि तेही उंबऱ्याबाहेरून, असे एकदा ठरले की मूल आणि पिलू यांत त्याच्या लेखी भेद उरत नाही, हे त्यांना दाखवावयाचे आहे. पिलांना कपडे चढविणारा म्हातारा लबाड नव्हे. मापाचा आशय त्याने शासनापेक्षा अधिक अचूक ओळखला आहे. सर्वांना एकच नाव देणारा मास्तर आणि सर्वांना एकच दर देणारा तपासनीस हे एकाच वृत्तीचे दोन अवतार होत.

कादंबरीचे शीर्षकही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आयरिश भाषेत ‘गरीब तोंड करणे’ असा वाक्प्रचार आहे. मराठीतील ‘तोंड वेंगाडणे’ त्याच्या अगदी जवळचा. सावकारापुढे, अधिकाऱ्यापुढे आपली विपन्नता वाढवून सांगणे, असा त्याचा अर्थ. जो प्रदेश सिंज यांच्या काळात मान खाली घालून एक शिलिंग घेत होता तोच येथे तोंड वेंगाडून दोन पौंड घेण्यास शिकला आहे. मुकाट्याने सोसण्यापासून दैन्याचे नाट्य करण्यापर्यंतचा हा प्रवास दुसऱ्या कोणी इतक्या निर्दयपणे नोंदविलेला नाही.

मात्र उपरोध स्वतःच्याच वर्तुळात बंद होतो, हे या कादंबरीचे न्यून म्हणावे लागेल. तिच्यात शासन येते ते मोजणारा म्हणून किंवा तुरुंगात धाडणारा म्हणून. तिसऱ्या रूपाची शक्यता तिला दिसत नाही. वस्तुतः कादंबरीपूर्वी सहाच वर्षे, १९३५ मध्ये, भूमी आयोगाने कॉनेमारामधील २७ कुटुंबांना पूर्वेकडील मीथ परगण्यात राह केर्न येथे जमिनी व घरे देऊन वसविले होते. ही योजना वरून उतरलेली नव्हती. तिच्यामागे कॉनेमाराच्या लोकांची संघटित मागणी होती. ती वसाहत टिकली, भाषाही टिकली, आणि १९६७ मध्ये तिला गेल्टाख्तचा अधिकृत दर्जा मिळाला. ज्यांनी स्वतःची गरज स्वतः सांगितली त्यांना ‘जॅम्स ओ’डॉनेल’ व्हावे लागले नाही. ओ’नोलन यांच्या जगात या घटनेला जागा नाही.

५

जॉन हीली यांचा जन्म १९३० मध्ये मेयोमधील चार्ल्सटाउन येथे झाला. स्विनफर्डच्या शेजारचे हे गाव. सिंज यांचा प्रवास जेथे संपला तेथूनच जणू हीली यांचे पुस्तक सुरू होते. या गावाच्या जन्माची स्थानिक आख्यायिका प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोठी सूचक आहे. पलीकडच्या बेलाही गावच्या बाजारात धान्य वजन करण्यासाठी लॉर्ड डिलन यांच्या कुळांना ताटकळत ठेवले जाई. त्या अपमानाने चिडून डिलन यांचे कारभारी चार्ल्स स्ट्रिकलंड यांनी १८४० नंतरच्या दशकात हद्दीच्या अलीकडे स्वतंत्र बाजार वसविला, अशी ती आख्यायिका आहे. तराजू आपल्या हद्दीत यावा म्हणून गाव जन्माला आले. परंतु तराजू धरणारा हात कारभाऱ्याचाच राहिला. पुढे १८९९ मध्ये मंडळाने डिलन यांची ९३ हजार एकरांहून मोठी जमीनदारी सुमारे २ लाख ९० हजार पौंडांस विकत घेतली आणि चार हजारांवर कुळांना मालकीचा मार्ग मोकळा झाला. पश्चिम आयर्लंडमधील सार्वजनिक गुंतवणुकीचे हे एक अत्यंत यशस्वी उदाहरण मानले जाते, आणि ते रास्तही आहे.

हीली यांचा प्रश्न असा की, जमीन कुळाची झाली, राज्य स्वतःचे झाले, १९५२ मध्ये ‘अविकसित प्रदेश’ कायदा होऊन पश्चिमेत कारखाने काढणाऱ्यांना अनुदाने मिळू लागली, मग हे गाव मरत का गेले? मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ३ लाख ८९ हजार होती. १९७१ मध्ये ती सुमारे १ लाख ९ हजारांवर आली. हीली यांनी या आकड्यांना चेहरे दिले. आपले शाळासोबती कोठे गेले याची त्यांनी मोजदाद केली. इंग्लंड-अमेरिकेहून येणाऱ्या पैशांवर चाललेली दुकाने, त्या पैशांमुळे झाकली गेलेली पडझड, आणि मुले गेली तरी मनिऑर्डर येते आहे तोवर कोणालाही न जाणवलेली निकड त्यांनी दाखविली. सिंज यांनी पत्रापुरता राखून ठेवलेला दुकानदार आणि त्याच्याभोवतीची प्रतिष्ठित मंडळी येथे उघडपणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहेत. मंडळाने गरज मोजली, नव्या राज्याने भाषा मोजली. हीली यांनी प्रथमच गैरहजेरी मोजली. ‘नो वन शाउटेड स्टॉप!’, म्हणजे ‘थांबा’ असे कोणीच ओरडले नाही, हे १९८८ च्या आवृत्तीचे शीर्षक त्या गैरहजेरीबरोबर आलेल्या मौनावरच बोट ठेवते.

पुस्तकाची भाषा मात्र अनेकदा संतापाच्या आहारी जाते, आणि गाव पूर्वी जसे होते तसे आठवताना त्यातील विषमता विरघळून जाते. आपल्या पिढीच्या डोळ्यांनी पाहिलेला ऱ्हास हाच अखेरचा, अशी त्यांची समजूत होती. पुढील इतिहासाने ती पूर्णतः खरी ठरविली नाही. तथापि या दोषांनी पुस्तकाचे मूळ म्हणणे ढळत नाही.

त्या म्हणण्याचे वजन कळावयाचे तर त्याच्या शेजारी दुसरा एक दस्तऐवज ठेवला पाहिजे. हीली यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वर्षी, १९६९ मध्ये, कॉलिन ब्युकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रादेशिक नियोजनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डब्लिनखेरीज कॉर्क आणि लिमरिक-शॅनन ही राष्ट्रीय पातळीवरील, गॉलवे, वॉटरफर्ड, स्लायगो, ॲथलोन, डनडॉक व ड्रॉहेडा ही प्रादेशिक पातळीवरील, आणि आणखी चार लहान स्थानिक विकासकेंद्रे निवडून गुंतवणूक तेथे केंद्रित करावी, अशी त्याची शिफारस होती. साऱ्या मेयोच्या वाट्याला कॅसलबार हे एकच स्थानिक केंद्र आले. अहवालाचा तर्क निर्दोष होता: थोडा पैसा सर्वत्र शिंपडला तर कोठेच काही रुजत नाही. परंतु त्या तर्कात चार्ल्सटाउन हा केवळ न निवडलेला एक ठिपका होता. शासनाने अहवाल पूर्णतः स्वीकारला नाही. १९७३ नंतरच्या औद्योगिक योजनांत रोजगाराची उद्दिष्टे लहान गावांच्या गटागटांत विखुरण्यात आली. एकाग्रता की विकेंद्रीकरण, हा वाद पुढे दशकानुदशके चालला. दोन्ही पक्षांनी गावे निवडली ती मात्र नकाशावर बोट ठेवूनच.

६

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. मापाची एवढी चिकित्सा केली तर मापाविना खर्च करावा काय? माप नसले की वशिला येतो, आणि दीड पौंडांची रेषा कितीही रुक्ष असली तरी ती कोणाच्या सोयरिकीवर अवलंबून नव्हती. हा आक्षेप बिनतोड आहे, आणि आयर्लंडच्याच अलीकडील इतिहासात त्याला पुरावा आहे. डिसेंबर २००३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात दहा हजारांहून अधिक सरकारी नोकर डब्लिनबाहेर ५३ ठिकाणी हलविण्याची घोषणा झाली. केवळ वर्षभरापूर्वी, २००२ मध्ये, स्वीकारलेल्या राष्ट्रीय अवकाशीय धोरणाशी त्या ठिकाणांचा मेळ फारसा घातलेला नव्हता. ही योजना मोठ्या प्रमाणावर अपुरी राहिली आणि २०११ मध्ये गुंडाळण्यात आली. मूळ धोरणही २०१३ मध्ये सोडून देण्यात आले. माप झुगारून दिले की लोकांना आपोआप न्याय मिळतो, असे नाही.

उलट दिशेचे उदाहरण चार्ल्सटाउनच्या अगदी जवळच्या टेकडीवर आहे. नॉक येथील धर्मगुरू जेम्स होरन यांनी तेथे विमानतळ बांधण्याचा ध्यास घेतला. शासनाने सुमारे १ कोटी पौंड दिले, सरकार बदलल्यावर हात आखडता घेतला, आणि उरलेली रक्कम होरन यांनी देणग्यांतून उभी केली. कोणत्याही तत्कालीन मापात न बसणारा हा विमानतळ १९८६ मध्ये रीतसर सुरू झाला. २०१९ मध्ये त्याने आठ लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. पूर्वी ज्या रेल्वेने मुले कायमची जात होती त्याच परगण्यात आता गेलेली माणसे सुटीला का होईना, परत येऊ लागली. मेयोची लोकसंख्या २०२२ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजारांवर पोचली. ही वाढ एका विमानतळाने झाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९७३ पासूनचे युरोपीय समुदायाचे सदस्यत्व, परदेशी उद्योग, पर्यटन आणि स्थलांतराचा उलटलेला प्रवाह ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. परंतु पैशाचे स्थान व हेतू ठरविणारा पुढाकार स्थानिक होता, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. तो एका प्रभावी व्यक्तीचा होता, लोकांच्या निर्वाचित संस्थेचा नव्हता, हेही तितकेच खरे.

निर्वाचित संस्थेचे उदाहरण गेल्टाख्तने दिले. १९६९ मध्ये कॉनेमारामध्ये नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. तिने अधिक अनुदान मागितले नाही. स्वतःचे नभोवाणी केंद्र व स्वतःचा कारभार मागितला. १९७२ मध्ये ‘रेडिओ ना गेल्टाख्त’ सुरू झाला आणि १९८० मध्ये ‘ऊदारास ना गेल्टाख्त’ हे विकास-प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याचे बहुसंख्य सदस्य तेथील रहिवासी थेट मतदानाने निवडीत. १८९१ पासूनच्या इतिहासात पश्चिमेतील लोकांना विकासाच्या पैशावर मत देण्याचा अधिकार प्रथमच मिळाला तो येथे. १९८० नंतरच्या काळात कारखाने आले तसे गेलेही, आणि भाषेचा ऱ्हास थांबला असेही म्हणता येत नाही. तथापि चुका करण्याचा अधिकार तरी रहिवाशांच्या हाती आला होता. २०१२ च्या कायद्याने ही थेट निवडणूक रद्द केली, तेव्हा काटकसर हे कारण पुढे करण्यात आले. तो अधिकार परत मिळावा ही मागणी त्यानंतर सतत होत राहिली. अनुदानाची रक्कम कमी झाल्यापेक्षा मत गेल्याची खंत अधिक काळ टिकते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

७

तिन्ही लेखनांचा एकत्र विचार केला असता त्यांच्यातील परस्परपूरकता स्पष्ट होते. मदतीचा आकार माणसाच्या शरीरावर कसा उमटतो हे सिंज यांनी पाहिले; तो त्याच्या बोलण्यात आणि नावात कसा शिरतो हे ओ’नोलन यांनी दाखविले; आणि मदतीच्या कोष्टकातून सुटलेला माणूस शेवटी गावातूनच कसा नाहीसा होतो हे हीली यांनी नोंदविले. तिघांपैकी कोणीही गुंतवणुकीच्या विरोधात नव्हते. सिंज यांना होडीचा कारखाना हवा होता. हीली यांना गावात उद्योग हवा होता. ओ’नोलन यांचा रागही दोन पौंडांवर नसून ते पौंड उंबऱ्याबाहेरून मोजण्यावर होता. माप आवश्यक आहे, हे मान्य करूनही ते लावण्याचा आणि बदलण्याचा अधिकार ज्यांना मोजावयाचे त्यांच्याकडे काही अंशी तरी असला पाहिजे, हा या लेखनातून निघणारा निष्कर्ष होय. राह केर्न आणि ऊदारास ही दोन उदाहरणे त्याला इतिहासाचा आधार देतात.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक कार्यपद्धतीही मिळते. विकासाचा अहवाल हीदेखील एक संहिता आहे. तिला निवेदक आहे, पात्रे आहेत, गाळलेल्या जागा आहेत. ‘दाटीचा’, ‘अविकसित’, ‘विकासकेंद्र’ ही तिची प्रतिमासृष्टी आहे आणि तिची तपासणी कादंबरीइतकीच कसोशीने झाली पाहिजे. उलटपक्षी, ललित लेखनातील एक शिलिंग, दोन पौंड किंवा रिकामे बाक ही केवळ वातावरणनिर्मिती नव्हे. ती नोंद आहे. ब्युकॅनन यांचा अहवाल आणि हीली यांचे पुस्तक यांच्या प्रकाशनात जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे, पण ग्रंथालयात ती दोन वेगळ्या दालनांत असतात. एकात चार्ल्सटाउनचे नाव विकासकेंद्रांच्या यादीत नाही. दुसऱ्यात त्या गावातून गेलेल्यांची यादी आहे. पश्चिम आयर्लंडच्या विकासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने या दोन याद्या एकाच मेजावर ठेवून वाचावयास आरंभ करावा.